अमेरिकी राजकारण : परदेशी नजरेतून

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे राजकारण, तिथले राष्ट्राध्यक्ष आणि वृत्तमाध्यमे यांविषयी अन्य देशांतील लोकांनी वेळोवेळी करून घेतलेली समजूत, असा या नोंदीचा विषय आहे. अमेरिकेच्या निवडणुकीत मत नसलेले पण तिच्या निकालाची झळ किंवा ऊब लागणारे लोक जगात अमेरिकी मतदारांच्या कित्येक पट आहेत. त्यामुळे या समजुतीला कुतूहलापलीकडचे वजन आहे. तिची दोन वैशिष्ट्ये जवळजवळ सगळ्या देशांत आढळतात. एक, बाहेरच्या माणसाला अमेरिकी राजकारण म्हणजे राष्ट्राध्यक्ष वाटतो. संसद, राज्ये, न्यायालये त्याच्या नजरेच्या कडेला राहतात. दोन, तो राष्ट्राध्यक्षही त्याला बहुतेक वेळा अमेरिकी माध्यमांनीच दाखवलेला असतो.

प्रवाशांचा काळ

आरंभी असे नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांना राष्ट्राध्यक्ष फारसा महत्त्वाचा वाटला नाही. फ्रेंच सरदारपुत्र अलेक्सी द तॉकव्हिल १८३१ मध्ये तुरुंगांची पाहणी करण्याच्या निमित्ताने तिथे गेला आणि १८३५ व १८४० अशा दोन भागांत त्याने अमेरिकी लोकशाहीवर ग्रंथ लिहिला. राष्ट्राध्यक्षाला जवळजवळ राजासारखे अधिकार आहेत, पण ते वापरायची संधीच त्याला मिळत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. त्याचे खरे लक्ष गावसभा, ज्यूरी, लोकांनी उठता-बसता काढलेल्या संस्था आणि वर्तमानपत्रे यांच्याकडे होते. स्वतःचे वर्तमानपत्र नाही असे खेडे तिथे क्वचितच, याचे त्याला नवल वाटले. पॅरिससारखी एकच राजधानी सगळ्या देशाचे मत घडवत नाही, म्हणून कोणत्याही एका पत्राच्या हाती फार सत्ता नाही, हेही त्याने नेमके टिपले.

चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये गेला तो मोठ्या अपेक्षेने, आणि परतला वैतागून. तंबाखूच्या पिचकाऱ्या, गुलामगिरी आणि वर्तमानपत्रे या तिन्हींवर त्याने सारख्याच त्वेषाने लिहिले. पुढच्या कादंबरीत न्यूयॉर्कच्या पत्रांना त्याने 'गटार', 'चाकूबाज', 'किल्लीच्या भोकातला बातमीदार' अशा अर्थाची नावे दिली. रागाला खाजगी किनारही होती. त्याची पुस्तके अमेरिकी प्रकाशक एक पै न देता छापत, आणि त्याबद्दल त्याने तोंड उघडले तेव्हा तिथल्या पत्रांनी त्यालाच लोभी ठरवले. १८८८ मध्ये जेम्स ब्राइस या ब्रिटिश अभ्यासकाने अमेरिकी राज्यव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या एका प्रकरणाचा विषयच 'थोर माणसे राष्ट्राध्यक्षपदी का निवडली जात नाहीत' असा होता. हाच ब्राइस पुढे १९०७ ते १९१३ या काळात ब्रिटनचा वॉशिंग्टनमधला राजदूत झाला.

ब्राइसच्या ग्रंथानंतर एका वर्षाने, १८८९ मध्ये, मुंबईत पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. ही मराठीतली पहिल्या प्रतीची नोंद आहे आणि परदेशी दृष्टीच्या इतिहासात तिला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. पुस्तकात राज्यपद्धतीवर स्वतंत्र प्रकरण आहे, शिक्षण, धर्मपंथ आणि व्यापारावर आहेत. पण रमाबाईंची लेखणी रमते ती स्त्रियांच्या संघटनांत. मताचा अधिकार नसलेल्या बायका सभा भरवतात, पैसा उभा करतात, दारूबंदीसाठी कायदेमंडळांना घाम फोडतात, हे त्यांनी आपल्याकडच्या वाचकासाठी बारकाईने लिहून ठेवले. कौतुक करताना काळ्या आणि मूळनिवासी लोकांविषयीचा तिथला दुजाभाव त्यांनी झाकला नाही. साहेबाच्या डोळ्यांनी अमेरिका पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला त्यांनी राजा नसलेला एक देश थेट दाखवला.

त्याआधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल आदर म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी हा कित्ता गिरवावा म्हणून, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. अमेरिकेचे उदाहरण त्यांना आपल्या गावच्या भांडणासाठी हवे होते, आणि परदेशी दृष्टीचा हा प्रकार पुढेही पुन्हा पुन्हा भेटतो.

विल्सन आणि पत्रांचा ढीग

राष्ट्राध्यक्ष जगाच्या डोळ्यांपुढे आला तो पहिल्या महायुद्धाच्या शेवटी. वुड्रो विल्सनची स्वयंनिर्णयाची भाषा तारेने जगभर गेली आणि वसाहतींमधल्या लोकांनी ती आपल्यासाठीच आहे असे मानले. इजिप्तमध्ये साद झगलूल, व्हिएतनामी लोकांच्या वतीने पुढे हो ची मिन्ह म्हणून प्रसिद्ध झालेला तरुण, कोरियाचे देशभक्त अशा कितीजणांनी १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेकडे अर्ज धाडले. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. परिषदेला जाण्यासाठी त्यांना पारपत्र मिळाले नाही, तेव्हा त्यांनी विल्सनना पत्र लिहिले. उत्तर चिटणिसामार्फत आले : भारताच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी हाती घेतील. सौजन्यपूर्ण आणि पोकळ. त्या वसंतात कैरो, सोल आणि बीजिंगच्या रस्त्यांवर जे लोक उतरले त्यांच्या संतापात विल्सनने केलेल्या अपेक्षाभंगाचाही वाटा होता. उलट मध्य युरोपात, जिथे नवी राष्ट्रे खरोखर जन्मली, विल्सन देवासारखा राहिला. प्रागचे मुख्य रेल्वे स्थानक त्याच्या नावाचे झाले आणि वॉर्सात आजही त्याच्या नावाचा चौक आहे.

चेहरे आणि आकडे

जॉन केनेडी हा दूरचित्रवाणीच्या काळातला पहिला राष्ट्राध्यक्ष, ज्याला परक्या देशांनी घरचा मानले. जून १९६३ मध्ये त्याने पश्चिम बर्लिनमध्ये भाषण केले आणि लगोलग आयर्लंडला भेट दिली. आयरिश घरांच्या भिंतींवर पोपच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो लागला, गॉलवेच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे मोझेक चित्र आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहरातला एक अवाढव्य भाग केनेडी या नावानेच ओळखला जातो.

स्वदेशी वादग्रस्त आणि परदेशी पूज्य, असे इतरही आहेत. मोनिका लेविन्स्की प्रकरणात महाभियोगाला सामोरे गेलेल्या बिल क्लिंटनचा पुतळा कोसोव्होच्या राजधानीत, प्रिस्टिनात, २००९ मध्ये उभा राहिला. १९९९ मध्ये नाटोच्या विमानांनी सर्बियावर बॉम्बफेक केली म्हणून आपण वाचलो, एवढाच तिथल्या अल्बानियनांचा हिशेब. सर्बियात अर्थातच तो उलटा आहे. जॉर्ज डब्ल्यू. बुशच्या नावाचा रस्ता जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीत आहे. त्याच बुशवर डिसेंबर २००८ मध्ये बगदादच्या पत्रकार परिषदेत एका इराकी पत्रकाराने दोन्ही जोडे भिरकावले आणि तो अरब जगात रातोरात नायक झाला.

बराक ओबामाच्या बाबतीत तर उमेदवारीच जागतिक झाली. जुलै २००८ मध्ये बर्लिनमध्ये त्याला ऐकायला सुमारे २ लाख लोक जमले, त्यांतल्या फार थोड्यांना मत होते. तो निवडून आल्यावर केनियाने सार्वजनिक सुटी दिली. जपानमधल्या ओबामा नावाच्या गावाने नामसाधर्म्यावरून उत्सव केला. आयर्लंडच्या मनीगॉल या खेड्यात त्याचे एक पूर्वज सापडले, तेव्हा महामार्गावरच्या विश्रांतिस्थळाला 'बराक ओबामा प्लाझा' नाव मिळाले. ऑक्टोबर २००९ मध्ये, सत्तेवर येऊन नऊ महिनेही झाले नसताना, त्याला नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले. ते त्याच्या कामाला होते की तो बुश नाही या गोष्टीला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

प्यू रिसर्च सेंटर ही अमेरिकी संस्था दरवर्षी निरनिराळ्या देशांत अमेरिकी राष्ट्राध्यक्षावर किती विश्वास आहे ते विचारते. जर्मनीचे आकडे पाहिले की चेहऱ्याचे महत्त्व कळते : बुशवर २००८ मध्ये १४ टक्के, ओबामावर २००९ मध्ये ९३, डॉनल्ड ट्रम्पवर २०१७ मध्ये ११, जो बायडनवर २०२१ मध्ये ७८. या काळात अमेरिकेची राज्यघटना तीच होती, जर्मनीतले अमेरिकी लष्करी तळही होतेच. २०१७ मध्ये पाहणी झालेल्या ३७ देशांपैकी ट्रम्पला ओबामापेक्षा जास्त विश्वास मिळाला तो फक्त दोन देशांत, रशिया आणि इस्रायलमध्ये. २०२५ मध्ये, ट्रम्पच्या दुसऱ्या कारकिर्दीत, २४ देशांचा मध्यांक (निम्मे देश याच्या वर, निम्मे खाली) ३४ टक्के होता. भारत आणि नायजेरिया मात्र त्याहून बरेच वर होते.

माणूस बदलला की आकडे उडी मारतात, पण व्यवस्थेविषयीचे मत तितक्या चटकन सावरत नाही. २०२१ मध्ये, बायडनवरचा विश्वास उंचावलेला असतानाच, १६ देशांत विचारले गेले की अमेरिकेची लोकशाही इतरांनी अनुकरण करावे अशी आहे का. आहे म्हणणारे मध्यांकी १७ टक्के. पूर्वी होती, अलीकडे नाही असे म्हणणारे ५७. ६ जानेवारी २०२१ ला संसद भवनावर चाल करून गेलेला जमाव सगळ्यांनी थेट पाहिला होता.

न कळणाऱ्या गोष्टी

बाहेरच्या माणसाची सर्वांत मोठी गफलत अधिकारांच्या बाबतीत होते. बंदुकीचा कायदा राष्ट्राध्यक्षाने का केला नाही, फाशी का थांबवली नाही, असे प्रश्न युरोपात आणि आपल्याकडेही सहज विचारले जातात. फाशीच्या बहुतेक शिक्षा राज्यांच्या कायद्याने होतात, तिजोरीची किल्ली संसदेकडे असते, आणि सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, छोट्या वायोमिंगलाही कॅलिफोर्नियाइतक्याच दोन जागा असतात, हे लक्षात येत नाही. परराष्ट्र धोरणात आणि लष्कराच्या बाबतीत राष्ट्राध्यक्षाचा हात बराच मोकळा असतो. परदेशी माणसाशी त्याचा संबंध नेमका तिथेच येतो, म्हणून घरातही तो तसाच मोकळा असेल असे वाटते.

दुसरे कोडे निवडणुकीचे. मतदार राष्ट्राध्यक्षाला थेट निवडत नाहीत; राज्याराज्यांतून निवडलेल्या ५३८ निर्वाचकांपैकी २७० ज्याला तो जिंकतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मते जास्त पडूनही त्या हरल्या. भारतीय वाचकाला याहूनही विचित्र वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिथे आपल्या निवडणूक आयोगासारखे, देशभर मतदान घेऊन निकाल जाहीर करणारे एकच कार्यालय नाही. मतदान राज्ये आणि त्यांतल्या काउंट्या (जिल्हे) घेतात, अधिकृत बेरीज व्हायला आठवडे लागतात, आणि मधल्या काळात जिंकले कोण हे वृत्तसंस्था सांगतात. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे. २०२० मध्ये ३ नोव्हेंबरला मतदान झाले, ७ नोव्हेंबरला या वृत्तसंस्थेने आणि वाहिन्यांनी बायडन विजयी म्हणून सांगितले, आणि त्याच दिवशी दिल्लीपासून बर्लिनपर्यंतच्या सरकारप्रमुखांनी अभिनंदन केले. म्हणजे परराष्ट्रांनी आपली दाद दिली ती एका वृत्तसंस्थेच्या शब्दावर. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी २५ नोव्हेंबरपर्यंत वाट पाहिली, रशियाने निर्वाचकांचे मतदान झाल्यावर १५ डिसेंबरला तोंड उघडले.

मत नसताना ढवळाढवळ करण्याचा एक विनोदी प्रयत्न २००४ मध्ये झाला. लंडनच्या 'गार्डियन' पत्राने ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीतील अपक्ष मतदारांचे पत्ते वाचकांना मिळवून दिले : पत्र लिहा, समजूत घाला. हजारो वाचकांनी पत्ते मागवले. उत्तरादाखल आलेल्या टपालात ब्रिटिश दातांपासून १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्यापर्यंत सगळ्याचा उद्धार होता आणि उपक्रम आटोपता घ्यावा लागला. २००० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोरकडे थोडक्याने गेलेली ही काउंटी २००४ मध्ये बुशने जिंकली. निकालाचे सगळे श्रेय बुशला विरोध करणाऱ्या त्या पत्रांना देणे चूक ठरेल, पण बुशच्या पक्षाच्या, म्हणजे तिथल्या रिपब्लिकनांनी 'गार्डियन'चे आभार मानायला हरकत नव्हती.

माध्यमांची खिडकी

अमेरिकेची ओळख परदेशी श्रोत्याला करून देणारा सर्वांत दीर्घजीवी आवाज ॲलिस्टर कुकचा. जन्माने इंग्रज, पुढे अमेरिकी नागरिक झालेल्या कुकचे बीबीसी रेडिओवरचे साप्ताहिक पत्र मार्च १९४६ ते फेब्रुवारी २००४ चालले. एकूण २,८६९ भाग. तो राष्ट्राध्यक्षाबद्दल बोलायला सुरुवात करी आणि गोल्फ किंवा शरदातल्या पानगळीवर जाऊन पोचे. तरी ऐकणाऱ्याला देश कळे.

अमेरिकी सरकारचा स्वतःचा आवाज, 'व्हॉइस ऑफ अमेरिका', १९४२ मध्ये सुरू झाला. १९४८ च्या कायद्यानुसार परदेशांसाठी तयार केलेला हा मजकूर खुद्द अमेरिकेत प्रसारित करता येत नसे, आणि ही बंदी २०१३ पर्यंत टिकली. शीतयुद्धातल्या पोलिश किंवा भारतीय श्रोत्याने ऐकलेली अमेरिका अमेरिकनांनी ऐकलीच नाही. भारतात त्याच्या जोडीला १९६० पासून 'स्पॅन' मासिक आणि मुंबईत न्यू मरीन लाइन्सचे अमेरिकन सेंटर होते. तिथल्या गार वाचनालयात कित्येक विद्यार्थ्यांनी अमेरिकी नियतकालिके पहिल्यांदा हाताळली.

अमेरिकी पत्रकारितेची जगातली पत सर्वांत उंच गेली ती ऑगस्ट १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरणी, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी दडपल्याबद्दल, रिचर्ड निक्सनला पायउतार व्हावे लागले तेव्हा. खरे तर न्यायाधीश, संसदीय समिती आणि त्याने स्वतःच करून ठेवलेल्या ध्वनिफिती यांनी त्याला पाडले. पण जगाच्या आठवणीत राहिले ते 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दोन तरुण बातमीदार. भारतात तर अकरा महिन्यांच्या आत आणीबाणी आली आणि वृत्तपत्रे सेन्सॉरकडे जाऊ लागली, त्यामुळे आपल्याकडच्या संपादकांच्या पिढीला ती गोष्ट परीकथेसारखी वाटली यात नवल नाही. तेव्हापासून कोणत्याही भाषेत घोटाळ्याला 'गेट' शेपूट लागते.

जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर बॉम्ब पडू लागले ते सीएनएनवर थेट दिसले. मुंबईत त्याच सुमारास पंचतारांकित हॉटेले आणि गल्लीतले केबलवाले डिश अँटेना लावू लागले होते. आपल्या घरात उपग्रह वाहिनी आली ती या युद्धाचे बोट धरून. एकच कॅमेरा सगळ्या जगाला एकच युद्ध दाखवतो आहे, ही गोष्ट पुढे अनेक सरकारांना खुपली. कतारची अल जझीरा १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००३ च्या इराक युद्धात जमिनीवरून आभाळाकडे पाहणारी चित्रे तिने दाखवली.

१९९६ मध्येच अमेरिकेत फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी या केबल वृत्तवाहिन्या निघाल्या. त्याआधी १९८७ मध्ये, प्रसारकांनी वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात हा जुना नियम रद्द झाला होता. तो केबलला लागू नव्हताच, पण हवा बदलल्याचे ते चिन्ह होते. परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीत वाढलेल्या ब्रिटिश प्रेक्षकाला तिथल्या रात्रीच्या चर्चा बातम्या वाटत नाहीत. फॉक्स न्यूज ब्रिटनमधून २०१७ मध्ये बंद झाली ती कमी प्रेक्षकांमुळे. भारतीय प्रेक्षकाला मात्र आता तसे अवघडल्यासारखे होत नसावे. खुद्द अमेरिकनांचाही आपल्या माध्यमांवर विश्वास नाही. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२१ च्या पाहणीत बातम्यांवर विश्वास असलेले अमेरिकी २९ टक्के निघाले, ४६ देशांत सर्वांत कमी.

तरीही परदेशी वार्ताहर आपली बातमी पहिल्यांदा तिथल्याच पत्रांत वाचतो. बहुतेक मराठी दैनिकांचा वॉशिंग्टनमध्ये बातमीदार नसतो. वृत्तसंस्थेची इंग्रजी प्रत रात्री भाषांतरित होते, आणि तिच्याबरोबर अमेरिकी वादांची चौकटही येते. अपवाद होते. 'महाराष्ट्र टाइम्स'चे माजी संपादक गोविंद तळवलकर निवृत्तीनंतर अमेरिकेत राहिले आणि २०१७ मध्ये ह्यूस्टनला निधन होईपर्यंतच्या काळात तिथून मराठीत लिहीत राहिले.

उलटा प्रवाहही वाहतो. २०१६ च्या निवडणुकीत उत्तर मॅसिडोनियातल्या व्हेलेस या गावातल्या पोरांनी ट्रम्पला अनुकूल अशा खोट्या बातम्यांची शंभराहून जास्त संकेतस्थळे चालवली. विचारसरणी वगैरे काही नव्हते, जाहिरातीचे डॉलर मिळत होते. अमेरिकी मतदाराला काय वाचायला आवडते हे त्यांनी क्लार्क काउंटीला पत्रे लिहिणाऱ्यांपेक्षा बरेच नीट ओळखले होते.

टोपणनावे आणि विनोद

कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकारांना सांगितले होते की तुमच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीसोबत झोपणे. प्राणी कितीही गरीब असो, त्याने अंग हलवले की कळतेच. २०२४ च्या अखेरीस ट्रम्पने कॅनडाला ५१ वे राज्य म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मागे पडलेला लिबरल पक्ष एप्रिल २०२५ ची निवडणूक जिंकून गेला. सोव्हिएत रशियातला जुना विनोद असा : अमेरिकन म्हणतो, मी व्हाइट हाउससमोर 'रेगन मुर्दाबाद' ओरडू शकतो. रशियन म्हणतो, त्यात काय, मीही लाल चौकात 'रेगन मुर्दाबाद' ओरडू शकतो. हा विनोद रेगनच रंगवून सांगत असे.

ट्रम्पला तर देशोदेशी बारसे मिळाले. चिनी नेटकरी त्याला 'चुआन ज्यान्ग्वो' म्हणतात. 'ज्यान्ग्वो' म्हणजे राष्ट्र उभारणारा, आणि राष्ट्र अर्थातच चीन. जपानी पत्रांनी २०२४ मध्ये 'मोशितोरा' असा शब्द रूढ केला, 'ट्रम्प आलाच तर' या अर्थाचा. मराठी समाजमाध्यमांवर तो 'ट्रम्प तात्या' झाला. पारावर बसून सगळ्या जगाला सल्ला देणारा, कुणाचे न ऐकणारा, मध्येच डाफरणारा तात्या प्रत्येक गावात असतो, त्यामुळे नाव चिकटले. या नावात भीतीपेक्षा ओळखीचा भाग जास्त आहे आणि ते मराठी दृष्टीबद्दल बरेच सांगते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतीयांच्या मनातली अमेरिका आधी रेशनच्या दुकानातून आली. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदत योजनेचा गहू आणि पुढे तांबूस 'मिलो' ज्वारी खाल्लेल्या पिढीला ती चव अजून आठवते, आणि ती चांगली आठवण नाही. व्हिएतनाम युद्धावर भारताने टीका केली म्हणून लिंडन जॉन्सन १९६५ नंतर धान्याची जहाजे मोजून मापून सोडत असे. डिसेंबर १९७१ मध्ये निक्सनने 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. 'सातवे आरमार' हा शब्द त्या दिवसांत मराठी घरांत शिरला आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही येतो.

त्यांच्याच नातवंडांची अमेरिका वेगळी आहे. पुणे, नाशिक, ठाण्याच्या मध्यमवर्गात तिथले राजकारण व्हिसाच्या शिक्क्यातून पाहिले जाते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा कोटा दरवर्षी ६५,००० अधिक तिथल्या उच्च पदवीधरांसाठी २०,००० हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांतल्या अनेकांना सिनेटर किती हे सांगता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झाले, तेव्हा ज्या घरांत 'हाउडी मोदी' (ह्यूस्टन, २०१९) आणि 'नमस्ते ट्रम्प' (अहमदाबाद, २०२०) कौतुकाने पाहिले गेले होते, तिथेही तात्याचा सूर बदलला. त्याआधी ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागले होते.

यात एक माणूस दोन्ही बाजूंना उभा आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३ पासून डेट्रॉइट परिसराचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी संसदेत आहेत. २८ एप्रिल २०२५ ला त्यांनी ट्रम्पविरुद्ध महाभियोगाचा ठराव दाखल केला. मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावण्याचा त्यांचा बेत होता, पण त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक नाराज झाले आणि ठाणेदारांनी तो तूर्त बाजूला ठेवला.